ओलं वॉर्निश, उतरती धूळ

सकाळी नऊला संशोधन केंद्राच्या गच्चीवरच्या खोलीत धूळबाई खुर्चीतून ताडकन उठली आणि तिचा चहा टेबलभर झाला. पण चहाकडे बघतंय कोण? पडद्यावर, जमिनीपासून तीन किलोमीटर उंचीवर, जाडजूड लाल पट्टा उमटला होता.

"आली! आली की!" ती एकटीच ओरडली.

तिचं काम लायडर चालवायचं. लेसरचा हिरवा किरण आभाळात सोडायचा आणि वरच्या कणांवर आपटून परतणारा उजेड दुर्बिणीनं टिपायचा. परतायला किती वेळ लागला त्यावरून कणांची उंची कळते. आणि आकार? पाण्याचा गोल थेंब उजेड जवळपास जसाच्या तसा परत करतो, धुळीचा ओबडधोबड कण तो तिरका करून पाठवतो. तिरका उजेड पडद्यावर लाल दिसतो.

धूळबाई हे नाव सख्ख्या थोरल्या भावानं पाडलेलं. गेल्या महिन्यात यंत्राची तपासणी करताना तिनं आतली फिरती काच पंचेचाळीस अंशांवर वळवली आणि परत सरळ करायला साफ विसरली. मग काय, बिचारा साधा ढगही धूळ दिसायला लागला! तिनं घाईघाईनं दादाला फोन केला. दादा होड्या बांधणारा. त्यानं वॉर्निशचं काम थांबवलं, आणि दिवसभर धुळीचा कण म्हणून आला नाही. झालं, तेव्हापासून घरीदारी धूळबाई.

आज मात्र गोष्ट निराळी होती. दादानं स्वतः आखलेली पहिली होडी उद्या सकाळी पाण्यात उतरायची होती. वॉर्निशचा शेवटचा हात दुपारी जेवणानंतर द्यायचा, तोही उघड्यावर, कारण होडी शेडमध्ये मावत नव्हती. ओल्या वॉर्निशवर धूळ बसली की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. उद्याचं मग विसराच.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं काच तपासली. शून्यावर. पुन्हा तपासली, तिसऱ्यांदा तपासली, आणि वर तासभर कळ काढली. दहाला पट्टा अडीच किलोमीटरवर होता. म्हणजे तासाला अर्धा! तीनच्या सुमारास जमिनीला टेकणार!

"दादा, धूळ येतेय."

"परत? अगं, इथे आभाळ निळंशार आहे."

"अजून वर आहे ती. काच सरळ आहे, तीनदा बघितली."

"म्हणजे काम थांबवू?"

ती हो म्हणणार तोच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात द्यायला दोन तास, वाळायला दोन तास. आत्ता धरलं तर दोनपर्यंत मोकळे!

"थांबवू नकोस! आत्ता लाव, या क्षणी! चुकले तर तुमचं जेवण तेवढं गार होईल."

पलीकडे वहिनीनं फोन हिसकावला. "धरला ब्रश. तू उंची सांगत राहा."

मग काय धमाल उडाली! अर्ध्या तासाला फोन. "सव्वादोन किलोमीटर!" "डावी बाजू झाली!" "पावणेदोन!" "मागचा भाग राहिलाय!" सव्वाबाराला वहिनीनं शेवटचा फटकारा मारला. पण दीडला पट्टा भसाभसा खाली यायला लागला. दुपारची तापलेली हवा वर चढत होती आणि तिच्या जागी वरची धुळकट हवा खाली येत होती. तीन कसले, सव्वादोनलाच येणार! आता करण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं स्कूटर काढली.

वाटेतच आभाळ मातकट झालं. डोळे चोळत ती दादाच्या आवारात शिरली तर होडी टोकापासून टोकापर्यंत तपकिरी. दादा तिच्याकडे पाठ करून उभा.

"गेलं का रे सगळं?" तिला रडूच फुटलं.

दादानं वाकून जोरात फुंकर मारली. धूळ उडाली, आणि खालचं लाकूड आरशासारखं चमकलं.

"पाच मिनिटं आधी वाळलं," वहिनी म्हणाली.

होडीला काय म्हणायचं ते दादानं महिनाभर ठरवलं नव्हतं. आता पुढच्या टोकावरच्या धुळीत त्यानं बोटानं मोठ्ठी अक्षरं काढली: धूळबाई.

"पुसू नका कुणी," तो म्हणाला. "यावरूनच रंग भरणार आहे."