पूर्वेचा तुकडा

"साहेब, मी राखा म्हणून लिहिलों. जाळा म्हणून नाही."

उमाकांत साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. पुण्याहून बदलून आलेला हा माणूस वाईट नव्हता. "सेतुमाधवराव, पूर्वेच्या तुकड्यात गवत छातीइतकं उंच आणि वाळलेलं आहे, असं तुम्हीच लिहिलंयत ना? अशा गवताला एक विडी पुरते. आग गोठ्यापर्यंत आली असती तर? म्हणून आपणच जाळून टाकलं. काल दुपारी."

तमिळ मुलखातल्या शोळिंगनल्लूरजवळच्या त्या सरकारी कुरणावर सेतुमाधव, पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेला मराठी माणूस, एकोणीस वर्षं कारकून होता. दर हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येत आणि संध्याकाळी त्याच उंच गवतात, जमिनीवर झोपायला उतरत. तो ते मोजायचा. पंचावन्न साली ऐंशी, साठच्या पोंगलला एकतीस. बाकी कुरण गुरांनी खुशाल चरावं, आखूड गवतात चंडोलांचं भागतं. फक्त हा एक तुकडा मार्चपर्यंत सोडा, एवढंच त्याचं मागणं होतं. तीन अर्जांना उत्तर आलं नव्हतं. चौथा वाचला गेला, तो असा.

कचेरी सुटताच तो सायकल मारत तिथे गेला. सगळं काळं. सुब्बा गुराखी बांधावर उभा होता.

"काडी कुणी लावली?" सेतुमाधव तमिळमध्ये ओरडला.

"मीच, अय्या. हुकूम होता. आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. ते जून गवत गुरं तोंडात धरत नाहीत. आता दवावर कोवळं फुटेल. माझ्या गाईंच्या बरगड्या दिसतायत. त्या मोजल्यात कधी?"

सेतुमाधवने सायकल बांधावर आडवी टाकली आणि उत्तरेकडे पाहत थांबला.

सूर्य टेकला तसे पक्षी आले. नऊच. पाय खाली सोडून उतरू पाहत आणि पुन्हा वर उठत. सहा कालव्यावरून दक्षिणेला निघून गेले. तीन थकून राखेतच बसले. काळ्या जमिनीवर त्यांचे फिकट राखाडी पंख लांबूनही दिसत होते.

कालव्याकडून दोन कुत्री वर चढली.

ओरडलं तर पक्षीच उठतील. सेतुमाधवने दोन ढेकळं उचलली, हळूहळू चालत गेला आणि मध्ये उभा राहिला.

"अय्या, घरी जा. रोज येऊन राखणार का?" मागोमाग आलेल्या सुब्बाने हळू आवाजात विचारलं.

सेतुमाधव पांढऱ्या धोतरानिशी राखेत खाली बसला, पक्ष्यांकडे पाठ आणि कुत्र्यांकडे तोंड करून.