पाच-एक

मध्यंतराची शिट्टी झाली आणि अरुणाबाईंच्या पर्समधला फोन वाजला. मुली गवतावर आडव्या होऊन पाणी पीत होत्या. स्कोअर तीन-शून्य. शून्य नेहमीप्रमाणे आपलं.

फोनवर व्हाइस प्रिन्सिपल होते. "मिसेस देवस्थळी, सार्सच्या साथीमुळे उद्यापासून कॉलेजं बंद. फुटबॉलची स्पर्धाही थांबली."

अरुणाबाई सिंगापूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरून आलेली सूचना कधी मोडली नव्हती. मुलींची फुटबॉल टीमही अशाच एका सूचनेनं चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आली होती; दुसरं कोणी घ्यायला तयारच नव्हतं. त्यांनी घराजवळच्या क्लेमेंटी भागातल्या लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं, जेवणाच्या टेबलावर लिंबं आणि वाट्या मांडून ऑफसाइड समजून घेतला आणि दर आठवड्याला उन्हात उभ्या राहिल्या. या चार वर्षांत टीमनं एकही गोल केला नव्हता. यंदाचा हा तिसराच सामना होता, अजून तीन बाकी होते, म्हणून सगळ्या आशेवर होत्या. आणि अकरातल्या सात जणींचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "बंद उद्यापासून ना?"

"हो."

"मग आजचा दिवस अजून आहे."

"किती वेळ उरलाय मॅचचा?"

"पस्तीस मिनिटं."

"मग मी तुम्हाला चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन करतो."

अरुणाबाईंनी मुलींना जवळ बोलावून सगळं सांगितलं. कॅप्टन नूरुलचा चेहरा उतरला. "म्हणजे सीझन ओव्हर, मॅडम?"

"पस्तीस मिनिटांनी ओव्हर. तोपर्यंत सगळ्यांनी पुढे जायचं."

"आणि मागे कोण?"

"कोणी नाही. गोल खायची आपल्याला सवय आहे."

मुली हसायला लागल्या. नूरुलनं बुटाची नाडी आवळली. "पस्तीस मिनिटं म्हणजे खूप झाली, लाह!" ती खास सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

मागे कोणी नसल्यामुळे आणखी दोन गोल बसले. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटच्या मिनिटांत कॉर्नर मिळाला. क्षिप्रा बचावात खेळायची. मध्यरेषेच्या पुढे ती आजवर कधी गेली नव्हती. ती गोंधळून गोलसमोरच्या गर्दीत उभी राहिली. नूरुलनं जीव खाऊन चेंडू मारला. तो थेट आपल्याकडेच येतोय हे बघून क्षिप्रानं डोळे मिटले आणि पाठ फिरवली. चेंडू तिच्या खांद्यावर आपटला, गोलकीपर भलतीकडे झेपावली, आणि चेंडू अगदी सावकाश, घरंगळत रेषेच्या आत गेला.

कोणालाच पटेना. मग रेफरीनं मैदानाच्या मध्याकडे हात केला. म्हणजे गोल!

क्षिप्रा अरुणाबाईंना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मावशी म्हणायची, कॉलेजात कटाक्षानं मॅडम. आता ते कुठलं लक्षात राहायला! "मावशी! मावशी, आत गेला!" ती किंचाळत धावत आली. बाकीच्या दहा जणींना शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण ओरडायला तो झकास होता. "मावशी! मावशी!" सगळं मैदान दणाणलं. अरुणाबाई ओढणी सावरत, एक सँडल मागे टाकून, सरळ मैदानात घुसल्या.

"मॅडम, बाहेर व्हा. मॅच चालू आहे," रेफरी म्हणाला. हसू मात्र त्यालाही आवरत नव्हतं. पलीकडच्या टीमच्या शिक्षिका टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी अरुणाबाईंचे यजमान शिरीष बँकेतून आले तर घरात शिऱ्याचा वास.

"जिंकलात की काय?"

"पाच-एक हरलो."

"मग शिरा कशाचा?"

"त्या एकाचा," अरुणाबाई म्हणाल्या, आणि चेंडू कुठून कसा गेला ते त्यांना उभ्यानंच करून दाखवलं.

एप्रिलमध्ये कॉलेज पुन्हा उघडलं आणि पत्र आलं. स्पर्धा रद्द, झालेले निकाल धरले जाणार नाहीत. नूरुलनं ते नोटीस बोर्डावर दोनदा वाचलं. "मग आपला गोल झालाच नाही, मॅडम?"

महिनाअखेरीला सकाळच्या असेंब्लीत आठशे मुलं तोंडात थर्मामीटर धरून रांगांत उभी होती. आता रोजच ताप मोजावा लागे. सगळे गप्प आहेत हे बघून प्रिन्सिपलनी सूचना उरकायला घेतल्या. "मुलींचा फुटबॉल. सामने तीन. स्पर्धा रद्द."

शिक्षकांच्या रांगेतून एक हात वर झाला. अरुणाबाईंनी तोंडातला थर्मामीटर काढला.

"आणि एक गोल, सर."

प्रिन्सिपलनी चष्म्यावरून बघितलं. मग हातातल्या कागदाकडे बघून, जणू तिथं लिहिलेलंच आहे अशा आवाजात, माइकमध्ये वाचलं, "सामने तीन. गोल एक."

मागच्या रांगेत अकरा जणींनी दात घट्ट आवळून हसू दाबायचा प्रयत्न केला. पहिला थर्मामीटर क्षिप्राच्या तोंडातून पडला, दुसरा नूरुलच्या, मग रांगच्या रांग खिदळायला लागली. त्या दिवशी सगळ्या कॉलेजचा ताप पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला.