उपास

शाळाप्रवेशाच्या अर्जातल्या रकान्यात युवराजने ‘नाही’ असे लिहिले आणि पेनाला टोपण लावले. रकाना आजाराचा होता. वनमालाने नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवरून तो शब्द वाचला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या घड्याळाकडे पाहिले. सव्वाअकरा.

सकाळी सातला तिने संस्कृतीच्या मांडीत इन्सुलिन टोचले होते. दहाला मुलीने काहीतरी खायला हवे होते, नाहीतर सुईने साखर फार खाली येते. पण शाळेच्या व्हरांड्यात दीड तास बसावे लागले, आणि चारचौघांत डबा उघडायचा नाही, असे युवराजने घरून निघतानाच बजावले होते.

सहा वर्षांच्या मुलीला डायबेटिस आहे हे दिवाळीत कळले, तेव्हापासून घरात दोन शाळांचे बोलणे चालू होते. माजलगावची ही इंग्रजी शाळा गावापासून चौदा किलोमीटर. इथे ओळखीचे कुणी नव्हते. जिल्हा परिषदेची शाळा घरापासून दोनशे पावलांवर. तिथल्या मंगल मॅडमना वनमालाने एकदा गुपचूप विचारून पाहिले होते. ग्लुकोजचा डबा माझ्या टेबलाच्या खणात राहील, तुम्ही दुपारी येऊन सुई देत जा, असे त्या म्हणाल्या. मात्र वर्गातल्या पोरांना हे सांगून ठेवावे लागेल, म्हणजे मी नसताना ती धावत जातील.

जिल्हा परिषदेच्या शाळेचे नाव काढल्यावर सासरे अर्जुनराव हसले होते. आमची नात खिचडीच्या रांगेत ताट घेऊन उभी राहणार का, म्हणाले. सासूबाईंना रांगेचे काही नव्हते. पोरीची जात हाय, गावभर झालं तर उद्या सोयरिकीला कोण येईल, एवढेच त्या म्हणत. त्यांनीच नातीला एक सोपी युक्ती शिकवली. कुणी गोड पुढे केलं की म्हणायचं, मला उपास हाय. बारशाला, हळदीकुंकवाला ते खपून गेले. बायका कौतुकाने तिच्या गालावरून बोटे फिरवत. वनमालाने बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले होते; तिलाही त्या वेळी ती युक्ती बरी वाटली होती.

मुख्याध्यापकांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि बाजूला ठेवला. शाळेचा दहावीचा निकाल चांगला लागला होता. त्यांनी पेढ्यांचा खोका उघडून मुलीपुढे धरला.

“घे बेटा.”

संस्कृती इतका वेळ चपलेने फरशी घासत होती. ती केव्हा थांबली, ते वनमालाच्या लक्षात आले नव्हते. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी मुलीच्या वरच्या ओठावर घाम होता. तिने हात पाठीमागे नेला. बोटे थरथरत होती.

“मला उपास हाय.”

मुख्याध्यापक युवराजकडे पाहून हसले.

“संस्कार घरातूनच येतात, साहेब. एवढ्याशा वयात उपास.”

युवराजही हसला.

वनमालाने पर्समधली ग्लुकोजची पुडी दातांनी फाडली आणि टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात ओतली. पेला तोंडाशी नेला तर मुलीने ओठ मिटून घेतले आणि वडिलांकडे पाहिले.

“आजीनं सांगितलंय,” ती म्हणाली.

“हिला उपास नाही,” वनमाला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “हिला डायबेटिस आहे. आत्ता साखर उतरलीय. पी, बाळा.”

संस्कृती प्यायली. तिच्या गालांवर हळूहळू रंग परत आला. मग मुख्याध्यापकांनी खोक्याला झाकण लावले आणि अर्ज युवराजच्या बाजूला सरकवला. इतकी जबाबदारी घेणारे माणूस आमच्याकडे नाही, हे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले. जिल्हा परिषदेत बघा, तिथे कुणाला नाही म्हणता येत नाही.

गाडीत वनमाला मुलीला घेऊन मागे बसली आणि तिने डबा उघडला. कालवा ओलांडल्यावर युवराज म्हणाला,

“धा मिनिटं गप बसली असतीस तर काम झालं असतं.”

“दहा मिनिटांत ती खाली पडली असती.”

“परळीत एक शाळा हाय,” तो म्हणाला. “वसतिगृहबी हाय. तिथं आपल्याला कुणी वळखत न्हाई.”

 वनमालाने मुलीच्या हातात पोळीचा तुकडा दिला.

“गरगरायला लागलं आणि कुणी गोड दिलं, तर काय म्हणायचं?”

संस्कृतीने समोरच्या आरशाकडे पाहिले. आरशात वडिलांचे डोळे होते. तिने आईच्या कानाशी तोंड नेले आणि सांगितले, मला डायबेटिस हाय, साखर उतरलीय.

“मोठ्यानं सांग.”

मुलगी पोळी चावत राहिली.

गावाच्या तोंडाशी जिल्हा परिषदेच्या शाळेची पिवळी भिंत दिसू लागली.

“शाळेपाशी थांबवा,” वनमाला म्हणाली.

 भिंतीजवळ गाडी हळू झाली. तिथे गतिरोधक होता. सगळ्याच गाड्या तिथे हळू होत. वनमालाने एका हाताने मुलीचे मनगट धरले आणि दुसरा हात दाराच्या कडीला घातला.