तीनच्या आत

अश्फाकनं उजवा हात मांडीखाली दाबला आणि समोरचा तरुण सांगत होता ते नीट ऐकत असल्यासारखी मान हलवली.

"म्हणजे रडू आलं पाहिजे," राजवर्धन म्हणाला, "पण मेजरचा रुबाब पण दिसला पाहिजे. मेजर कसा, शेवटपर्यंत ताठ."

मेजर हा राजवर्धनचा बैल होता. सात वर्षं मैदानं मारून तो शर्यतीतून निवृत्त होत होता आणि येत्या रविवारी त्याचा निरोप समारंभ होता. फेटा ठरला होता, केक ठरला होता, केक मेजरला चालेल का हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून झालं होतं. गाण्याचे शब्द, गळा, ढोलकी सगळं भरून झालं होतं. गिटार तेवढी राहिली होती.

"व्हिडिओत मेजर गोठ्याकडं चालत जातोय. पाठमोरा. तिथं एकच सूर. टिंग. मग काय न्हाई. मग परत टिंग."

"मधी काय न्हाई?"

"मधी मेजर."

अश्फाकनं पुन्हा मान हलवली. काचेपलीकडं बसलेला जिनेश, म्हणजे ह्या स्टुडिओचा मालक, दार ढकलून आत आला. हातात थर्मास होता.

"मी ह्याला कवाचं सांगतोय," तो म्हणाला, "एवढं कीबोर्डवर हुतंय. अश्फाकभाईंना कशाला कोयनानगरवरनं एवढ्या लांब यायला लावायचं? पण ऐकतोय कुठं."

"कीबोर्ड न्हाई. मेजरच्या पहिल्या गाण्यात हेच चाचा हुते. ती सुरुवात वाजली की मेजर अजून कान टवकारतोय. दुसऱ्यानं वाजवलेली ऐकवली, तर शेण टाकलं."

चारशेच्या वर गाण्यांत गिटार वाजवल्यावर अश्फाकला वाजवण्यावरून ओळखणारा हा पहिलाच श्रोता होता. त्यानं मनातल्या मनात मेजरला सलाम केला.

जिनेशनं चहा ओतला. राजवर्धनला बशीसकट कप, काठोकाठ. अश्फाकला स्टीलचा पेला, अर्धा. दिवाळीपासून त्याची ही काटकसर सुरू होती. चाळिशी ओलांडली की माणूस चिकट होतो, असं अश्फाकनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि त्यावर पुढं विचार केला नव्हता. त्यानं डाव्या हातानं पेला उचलला.

स्टुडिओ पाटणमध्ये पाइप आणि मोटारींच्या दुकानावर होता. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना मंडपवाल्याच्या जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. एकीवर अजून 'शुभविवाह' वाचता येत होतं. त्या गादीखाली एका खुर्चीवर अश्फाक अठरा वर्षं बसत आला होता. कागद नाही, सराव नाही. गायकानं एकदा गुणगुणायचं, अश्फाकनं डोळे मिटून ऐकायचं आणि दुसऱ्यांदा वाजवायचं. गायकाला सर्दी असली तर तारा अर्धा सूर खाली. एकदा एक गायक सबंध कडवं विसरून पुढं गेला, तेव्हा अश्फाक त्याच्याआधी तिथं पोचलेला होता. एकाला ऐन गाण्यात खोकला आला, तेव्हा ह्यानं मागून असा तुकडा टाकला की खोकला तालात आला आणि पुढं लोक तो खोकल्यासकट गाऊ लागले. गाण्यांखाली नावं यायची: गायक, निर्माता, ड्रोनवाला, जेवण पुरवणारं हॉटेल. अश्फाकचं नसायचं. त्याची तक्रार नव्हती. स्लॅबमधल्या सळईचं नाव कुणी घरावर लिहीत नाही.

जिनेश मात्र नव्या गिऱ्हाइकाला हटकून सांगायचा, "हा माणूस वाजवत नसतो तवा ऐका. ह्याचं थांबणं लय भारी."

आणि नेमकं तेच गेलं होतं.

पहिल्यांदा हातातली बशी वाजली होती, घरी. बायकोनं, नूरजहांनं, त्याच्या हाताकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरातल्या बश्या वरच्या फळीवर गेल्या. कराडच्या डॉक्टरनं एका आजाराचं नाव लिहून दिलं. तो कागद गिटारच्या पिशवीत, तुटक्या तारांच्या कप्प्यात होता. हात वाजवताना गप्प असायचा. थांबला की हलायचा. त्यातही नशीब असं की गेल्या दिवाळीपासून आलेली सगळी गाणी जलदच होती. हळदीची, वाढदिवसांची, एक तर बोअरवेलच्या गाडीचं. थांबायची वेळच आली नव्हती. जिनेशला कळलं की बोलावणं बंद होणार, हे अश्फाक धरून चालला होता. त्यात जिनेशचं काही चुकलं नसतं. पण छप्पन्नाव्या वर्षी गिटार खुंटीला लावायची आणि दिवसभर धरणाकडं बघत बसायचं, ह्या विचारानं त्याला आत्तापासूनच दमायला होत होतं.

"घ्यायचं?" कानातल्या हेडफोनमधून जिनेश म्हणाला. तो पुन्हा काचेपलीकडं गेला होता, राजवर्धन त्याच्या मागं उभा होता.

अश्फाकनं मांडीखालचा हात काढला. पहिला सूर लावला. गोल, स्वच्छ सूर निघाला. मग मेजर चालायची मोकळी जागा आली. सोळा मात्रा. पाचव्या मात्रेला अनामिका हलू लागली, तसं त्यानं पटकन एक छोटा तुकडा वाजवून तिला कामाला लावलं.

"मधलं नको, अश्फाकभाई."

दुसऱ्या वेळी त्यानं तुकडा आणखी छोटा केला.

"तेबी नको."

"एवढं बरं वाटतंय की," राजवर्धन म्हणाला. "मेजर वळून बघतोय, तिथं बसंल."

"बसंल. पण अश्फाकभाई तिथं वाजवत न्हाईत," जिनेश म्हणाला. "दमला असाल तर ऱ्हाऊ द्या. उद्या बघू."

"न्हाई. घे."

ह्या वेळी त्यानं ठरवलं, थांबायचं. पहिली जागा त्यानं श्वास रोखून काढली. दुसऱ्या जागेत अनामिका तारेला लागली. टिर्र झालं. बारीक, पण झालं. तो थांबला नाही. थांबा म्हणायचं काम काचेपलीकडच्याचं असतं, आणि तिकडून कुणी काही म्हणालं नाही.

तिसऱ्या जागेत खालून भरलेला ट्रक गेल्यासारखा आवाज आला. दुकानाचं शटर थडथडलं. गाद्यांमधून जुनी धूळ उडाली. काचेपलीकडं राजवर्धन दिसेनासा झाला आणि जिन्यावर त्याच्या एकाच बुटाचा आवाज उतरत गेला. जिनेश मूळचा सांगलीकडचा. इतकी वर्षं पाटणमध्ये काढून तो एवढंच शिकला होता की दाराच्या चौकटीत उभं राहायचं. तो तिथं उभा राहिला.

अश्फाक कोयनानगरच्या वसाहतीत वाढला होता. तिथं भूकंप झाला की पळत नाहीत, रिश्टरचा आकडा सांगतात. टांगलेल्या दिव्याकडं बघायचं, भांडी ऐकायची आणि बातमी यायच्या आत बोलून मोकळं व्हायचं. ज्याचा आकडा खरा ठरेल त्याला दुसऱ्यांनी चहा पाजायचा. अश्फाकचे वडील धरणावर फिटर होते. त्यांनी घरात नियम केला होता, आणि तो अश्फाकनं जिनेशलाही कितीदा ऐकवला होता: तीनच्या आत असेल तर ताटावरून उठायचं नाही.

त्यानं पाण्याच्या बाटलीकडं पाहिलं. पाण्यावर वर्तुळं उठत होती. खुर्ची हलत होती, माइकचा खांब हलत होता, 'शुभविवाह' हलत होतं. सात-आठ सेकंद खोलीतलं सगळंच हलत होतं आणि त्यात त्याचा हात पहिल्यांदाच वेगळा दिसत नव्हता. कित्येक महिन्यांत त्याला इतकं निवांत वाटलं नव्हतं. सोळाव्या मात्रेला त्यानं सूर लावला. मग पुढचा. गाणं संपेपर्यंत तो वाजवत राहिला.

"तीन पॉइंट चार," गिटार मांडीवर आडवी ठेवत तो म्हणाला.

जिनेशनं चौकटीतूनच मोबाइल पाहिला. काही मिनिटांनी आकडा आला. तीन पॉइंट चार.

राजवर्धन बूट शोधत वर आला. आधी त्यानं घरी फोन लावून मेजर बरा आहे ना हे विचारलं. मेजर बसलेला होता, उठलाही नव्हता. मग त्यानं गाणं ऐकलं. दुसऱ्या जागेत टिर्र झालं तसा त्यानं जिनेशचा खांदा धरला.

"हे काय हुतं?"

जिनेशनं थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"भूकंप," राजवर्धननं स्वतःच उत्तर दिलं. त्याचे डोळे भरून आले होते. "आवं चाचा, मेजर चाललाय म्हणून जमीन सुदिक हलली! हे काढायचं न्हाई हां. व्हिडिओच्या खाली लिहितो मी, खरा भूकंप म्हणून."

"ठेवतो," जिनेश म्हणाला.

"आणि तुमचं पण नाव टाकतो, चाचा. भूकंपाच्या खाली."

तो गेला. त्याचा अर्धवट चहा कप-बशीत तसाच राहिला. खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

अश्फाक काचेपलीकडच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. त्यानं हात मांडीखाली घातला. समोरच्या पडद्यावर गाण्याची रेघ पसरली होती. शेवटाकडं, तिसऱ्या जागेत, ती केसाळ सुरवंटासारखी जाड झाली होती, तो भूकंप. त्याच्या बरंच आधी, दुसऱ्या जागेत, एक एवढासा काटा होता.

दोघंही त्या काट्याकडं बघत होते.

"जिनेश."

"बोला."

"ते टिर्र भूकंपाच्या आधीचं हाय."

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

जिनेशनं थर्मास उघडला, स्टीलचा पेला पुढ्यात ओढला आणि चहा ओतला. अर्ध्यावर येताच थर्मास उभा केला. स्वतःसाठी त्यानं फळीवरचा कप काढला, बशी काढली आणि कप काठोकाठ भरला.

अश्फाक पेल्याकडं बघत राहिला. मग राजवर्धनच्या बशीकडं. मग पुन्हा पेल्याकडं.

"आणि ती बोअरवेलची गाडी?" त्यानं विचारलं.

"ते गाणं आधी संथ हुतं," जिनेश म्हणाला. "मीच पळवलं. गाडीवाला म्हणला, एवढ्या जोरात बोअर मारत न्हाईत, दांडा मोडंल."

अश्फाकला हसू आलं. ते पूर्ण यायच्या आधीच तो थकला आणि त्यानं ते अर्ध्यावर सोडून दिलं. मग सावकाश मांडीखालचा हात काढून टेबलावर ठेवला, पेल्याशेजारी, पालथा. अनामिका हलायला लागली, मग करंगळी, मग सगळाच हात. पेल्यातल्या चहावर बारीक वर्तुळं उठली, पण चहा काठापर्यंत पोचला नाही.

जिनेश पुढं वाकून बघत राहिला. उठून चौकटीत गेला नाही.

"किती?" त्यानं विचारलं.

अश्फाकनं हाताकडं पाहिलं. पेल्याचा आवाज ऐकला. घाई केली नाही.

"दोन पॉइंट आठ."

"तीनच्या आत हाय," जिनेश म्हणाला आणि त्याच्यापुढं पेला सरकवला. "मग उठायचं कशाला? बसा."