आर्सेनीचा कॅमेरा

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आर्सेनी दाढी करायला आरशासमोर उभा राहिला आणि त्याचा अर्धा चेहरा जागेवर नव्हता. डावा गाल लोंबत होता, डोळा मिटत नव्हता, ओठाचा कोपरा खाली ओघळला होता. जवळच्या ओर्हेई शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. येईल हळूहळू ताळ्यावर. काही महिने लागतील."

आर्सेनी लग्नांत ट्रम्पेट वाजवायचा. पंचक्रोशीत त्याच्या फुंकीवाचून नवरी दाराबाहेर पडत नसे. घरी येऊन त्यानं वाद्य ओठाला लावलं, तर नुसती हवा फुसफुसली. त्यानं ते पेटीत ठेवून दिलं आणि मग त्याला एकदम आठवलं, आज रविवार. संध्याकाळी राइसाचा फोन.

त्याची बायको राइसा चार वर्षं इटलीत, पादोव्यात, एका म्हातारीची सेवा करत होती. दर रविवारी ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायची, आर्सेनी तिला दिसायचा, तिला बरं वाटायचं. त्या संध्याकाळी आर्सेनी डाव्या गालावर हात धरून खुर्चीत बसला. आणि काय योग पाहा, त्याच दुपारी कॉम्प्युटरनं आपणहून अपडेट घेतलं होतं. चौकट काळी. कॅमेरा सापडत नाही, असं पडद्यावर आलं.

"मी दिसतेय का? तू दिसत नाहीस रे!" राइसा ओरडली.

"अपडेटनं घोळ केलाय. ड्रायव्हर बिघडलाय," आर्सेनी म्हणाला. जीभ जड होती, पण आवाज बरा निघाला.

"ड्रायव्हर? इटलीहून गावी सामान आणणाऱ्या आपल्या मिनीबसचा? देवा, अपघात झाला का?"

तो हसला. बऱ्या बाजूनं हसला, आणि आपण दिसत नाही याचा त्याला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा वालेरियु आला. तो शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. अपडेटनं कॅमेऱ्याला नवा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, बसवला होता आणि जुन्या कॅमेऱ्याला तो मानवत नव्हता. वालेरियुनं तो काढला, जुना परत टाकला, आणि चहा निवायच्या आत आर्सेनीचा वाकडा चेहरा पडद्यावर आला. आर्सेनीनं हात पुढे करून कॅमेऱ्याची वायर उपटली.

"वालेरियु, राइसाला सांगू नकोस नीट झाला म्हणून."

"पण दादा, ताईला..."

"ती सगळं टाकून निघून येईल. चेहरा जरा सुधारू दे."

हे खरं होतं, पण अर्धंच. राइसा परत येईल याची भीती एवढी नव्हती. ती बघेल याची होती.

मग सुरू झाली राइसाची धडपड. तिनं मिनीबसबरोबर नवाकोरा कॅमेरा पाठवला. आर्सेनी म्हणाला, जुळत नाही. ती म्हातारीच्या मुलीला, ऑर्नेलाला, विचारून यायची. ऑर्नेला ऑफिसातून थकून येऊन तिच्याशेजारी बसायची, एकेक पायरी समजावायची, आणि राइसा ती आपल्या भाषेत आर्सेनीला सांगायची.

"आता उजवं बटण दाब. ड्रायव्हर काढून टाक असं दिसतं का?"

"दिसतं."

"दाब मग. आता बंद करून चालू कर. मी थांबते."

आर्सेनी हात मांडीवर ठेवून नुसता बसून राही. थोड्या वेळानं म्हणे, "नाही गं, काळंच आहे."

एकदा पलीकडून ऑर्नेलाचं हसणं ऐकू आलं. तिनं काहीतरी विचारलं होतं. राइसा तिला तडकून बोलली आणि मग आर्सेनीकडे वळली. "म्हणते, नवऱ्यानं घरात बाई तर नाही ना लपवली? मी म्हटलं, माझा नवरा लबाड नाही. कॉम्प्युटर लबाड आहे."



पुढच्या आठवड्यात वालेरियु दारात उभा राहिला. आत यायला तयार नाही.

"ताईचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाली, पोरांना शिकवतोस कसला, साधा कॅमेरा लावता येत नाही तुला! बायको शेजारीच होती. तिनंही ऐकलं. मी गप्प बसलो, दादा. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून."

"माफ कर रे."

"माझी काय माफी मागता? आणि पुन्हा मला असं गप्प बसवू नका."

वालेरियु गेला. आर्सेनीला वाटलं, त्या पोरसवदा माणसानं आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यानं रविवारची वाट पाहिली नाही. वायर जोडली आणि राइसाला फोन लावला.

ती म्हातारीचे केस विंचरत होती. आधी तिचा चेहरा फुलला, मग विझला. कंगवा हातातच राहिला.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. मेंदूचं नाही. डॉक्टरीण म्हणते..."

"आणि कॅमेरा?"

"तो वालेरियुनं दुसऱ्याच दिवशी नीट केला."

राइसानं कंगवा खाली ठेवला. "मला ड्रायव्हर म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. परक्या बाईचे उपकार घेऊन शिकले मी ते सगळं. तू तिथे बसून ऐकत होतास?"

"हो."

"तोंड वाकडं झालं म्हणून मी तुला टाकणार होते? अशी वाटले मी तुला?"

तिनं फोन बंद केला.

त्यानंतर ती फोन करायची, पण कामापुरतं बोलायची. गाल फुगवायचा व्यायाम करतोस ना, डोळ्यात थेंब टाकतोस ना, एवढंच. कॅमेरा चालू असायचा, पण ती पडद्याकडे न बघता बोलायची.

ईस्टरला ती आली. आर्सेनीचा डोळा तोवर मिटायला लागला होता, ओठ अजून वाकडाच होता. मिनीबस फाटकाशी थांबली. राइसानं बॅग त्याच्या हातात दिली, पिशवीतून इटलीचा केक काढला आणि घरात न शिरता थेट वालेरियुच्या दारात गेली. तिचा माफी मागण्याचा आवाज कुंपणापलीकडून येत होता, मग वालेरियुच्या बायकोचा, मग सगळ्यांचं हसणं.

आर्सेनी बॅग धरून फाटकात उभा राहिला. कोणीतरी हाक मारील असं त्याला वाटलं. कोणी मारली नाही. मग त्यानं बॅग पायरीवर ठेवली, टोपी काढली आणि बिनबोलावता त्यांच्याकडे चालू लागला.