धरणगावचा गोल शिक्का

“तिकिटांचा मुडदा पाडलाय हो नाना,” अभिमन वकील म्हणाले आणि चिमट्यात धरलेला कागदाचा तुकडा त्यांनी परत डब्यात टाकला. “केवढा काळाकुट्ट शिक्का आहे हा.”

सुकदेवनाना समोर खुर्चीच्या कडेला टेकले होते. हा शिक्का मीच मारलेला, हे सांगायचं ठरवूनच ते धरणगावहून जळगावला आले होते. पण मुडदा म्हटल्यावर पुढे बोलणार तरी काय?

नानांची उभी हयात धरणगावच्या पोस्टात शिक्के मारण्यात गेली. सकाळी तारीख बदलायची आणि मग धपाधप सुरू. इतर लोक डास मारल्यासारखा, पडेल तिथे शिक्का मारत. नाना मनगट किंचित वळवून मारत. अर्धा गोल तिकिटावर, अर्धा पाकिटावर आणि गावाचं नाव सरळ वाचता येईल असं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, की कोणी कधी शाबासकी दिली नव्हती. उलट साहेब ओरडायचे, “सुकदेव, हात उचल, गाडी निघून जाईल.” त्यात या कामाला एक शाप होता. हातून जे चांगलं उतरे ते त्याच संध्याकाळी गावाबाहेर जाई. सुताराला आपला पलंग कोणाच्या तरी घरात दिसतो, नानांना आपलं काहीच परत दिसत नसे.

म्हणून त्यांनी धुळ्याच्या मेहुण्याला गळ घातली होती. प्रेमराज तिथे सरकीच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता, आणि धरणगावच्या जिनिंगवाल्यांची पाकिटं त्याच्या टेबलावर येत. फेकण्याआधी तो तिकिटाकडचे कोपरे फाडून ठेवी आणि दिवाळीला रत्नाबरोबर, म्हणजे नानांच्या बहिणीबरोबर, पिशवी भरून पाठवी. तिकिटं सगळी साधी, घरोघरची. नानांना तिकिटांशी कर्तव्यच नव्हतं. ते रिकाम्या दुपारी डबा उघडून आपले शिक्के बघत बसायचे.

आता जळगावात तिकिटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि वकीलसाहेब ते भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस होते. आपल्या शिक्क्यांचं एक पान भिंतीला लागावं, चार माणसांनी थांबून बघावं, एवढंच नानांना हवं होतं.

“असे तुकडे आम्ही लावत नाही,” वकील समजुतीच्या सुरात म्हणाले. “भिजवून तिकिटं सोडवा. त्यातली फिकट शिक्क्याची, स्वच्छ दिसतात ती निवडा आणि आणा.”

“मंग शिक्का अर्धाच ऱ्हाई, साहेब.”

“राहू दे की. शिक्का कोण बघतंय?”

घरी आल्यावर नाना कितीतरी दिवस त्या डब्याभोवती घुटमळले. भिजवावं तर गोल तुटतो, न भिजवावं तर डब्यातच राहतो. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली. डब्यात कुजणाऱ्या पुऱ्या शिक्क्यापेक्षा भिंतीवरचा अर्धा बरा. परातीत पाणी घेऊन ते ओसरीवर बसले, तेव्हा भागाबाई आतून आली.

“कसाले भिजाडी राह्यनात? इतला वरीस माले हात लाऊ दिधा नही.”

“वकीलसाहेबले तिकिटमधलं बठ्ठं समजस. तू चूप बस.”

“त्यासले समजस ते खरं. पन शिक्का तुमना शे ना?”

नानांनी डबा परातीत उपडा केला. तिकिटं सुटून तळाला बसली. वर कागद तरंगत राहिले, कशावर गावाच्या नावाचं शेपूट, कशावर डोकं. भागाबाईने ते पिळून उकिरड्यावर टाकले. मग नाना निवडायला बसले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की फिकट म्हणजे शाई सुकलेल्या दिवसांचे, तापात कण्हत मारलेले. जन्मातले सगळ्यात वाईट शिक्के त्यांनी स्वतःच्या हाताने वेचून काढले. त्यांना रडू आलं, पण परातीतलं पाणी मागे थोडंच वळतं.

प्रदर्शनात त्यांचं पान पिण्याच्या पाण्याच्या पिंपामागे लागलं होतं. लोक पाणी पीत होते आणि पुढे जात होते. गर्दी होती ती मधल्या फळीपाशी. तिच्यावर ठळक लिहिलं होतं, ‘खानदेशचे टपाल शिक्के. संग्राहक : ॲड. अभिमन. प्रथम क्रमांक.’ खाली अख्खी पाकिटं ओळीने लावलेली, आणि त्यांच्या मधोमध धरणगाव. काळाभोर, अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर, नाव ओळंब्यासारखं सरळ. आपल्या लेकराचं तोंड ओळखावं तसा नानांनी तो ओळखला.

“साहेब, तुम्हीच तं म्हनेत, शिक्का कोन देखस?”

“अहो, साध्या तिकिटांचा विभाग वेगळा, शिक्क्यांचा वेगळा,” वकील हसत म्हणाले. “तुम्ही तिकिटं म्हणून आणलीत, मी तिकिटांचं सांगितलं.” आणि ते पाहुण्यांकडे वळले. “हा बघा, धुळ्याच्या रद्दीत मिळाला. असा शिक्का पडायला नशीब लागतं. बिचारा कोणीतरी शिपाई घाईत धोपटत असेल. काय उमटलं, त्याला पत्तासुद्धा नसेल.”

नानांचा उजवा हात वर आला, तसाच खाली गेला. आता सांगितलं तर कोणाला खरं वाटणार, आणि दाखवायला तरी उरलं काय होतं?

“आजोबा, जरा सरका,” मागून एक बाई म्हणाल्या. “आम्हालाही बघायचंय.”

नाना बाजूला झाले.