फक्कीचा गाडा आणि गायींची हाक

मित्रांनो, माझ्या पोटात अजून मूठभर पांढरी फक्की आहे. ओल लागून लागून ती दगडासारखी घट्ट झाली आहे, पण मी ती सांडू दिलेली नाही. मी एक जुना, गंजलेला फक्कीचा गाडा आहे. खेळाच्या मैदानावर रेघा आखणे हे माझे काम. पोटात फक्की भरायची, पाठीचा लाकडी दांडा धरून चालू लागायचे, की खालच्या फटीतून ती चार बोटे रुंद सांडत जाते. रांगोळी म्हणा हवे तर. फक्त दारातली रांगोळी पाय पडू नये म्हणून जपतात, आणि माझी तुडवली जावी म्हणूनच घालतात.

माझा जन्म शेतातला. एका मोडक्या पेरणीयंत्राचे पोट, दुधाच्या गाडीची चाके आणि जुन्या नांगराची मूठ यांतून व्हर्लिन हाउगेनने मला जोडले. व्हर्लिन मूळचा शेतकरी. शेत भावाला देऊन तो टेकडीवरच्या विद्यापीठात मैदान राखायला आला, तेव्हा तिथे रेघा आखायला एक भोकाचा डबा होता. व्हर्लिनला तो बघवला नाही. अशा रीतीने, जो बी पेरायचा तो मी फक्की पेरू लागलो. मी पेरले ते कधी उगवले नाही, पण त्याच्यावर धावून कितीतरी मुले मोठी झाली.

आमचे विद्यापीठ लहान. तीन बाजूंना मक्याची शेते, चौथ्या बाजूला नदी. विद्यार्थी जेमतेम नऊशे, आणि संघ तेरा. त्यामुळे ज्याला दोन पाय आहेत तो कुठल्या ना कुठल्या संघात असायचाच. दुपारी एकमेकांना आडवे पाडणारी धिप्पाड मुले संध्याकाळी प्रार्थनाघरात गायला उभी राहायची, तेही मान खाली घालून, सुरात. सामन्याचे घड्याळ रसायनशास्त्राचे प्राध्यापक सांभाळायचे. कुस्तीचे प्रशिक्षक बस चालवायचे. आणि रेघा व्हर्लिन आणि मी.

दोरी लावून रेघ आखणाऱ्यांना व्हर्लिन हसायचा. तो मला रेघेच्या तोंडाशी उभा करायचा, मान वर करायचा आणि नदीपलीकडच्या गावातल्या पाण्याच्या टाकीकडे बघायचा. "पायाकडं बघून चाललं की पाय वाकडे पडतात," तो म्हणायचा. "लांब बघायचं." मग आम्ही निघायचो. माझे डावे चाक कुरकुरायचे, आणि मला आपले वाटायचे की ते गाते आहे:

पहिली माझी रेघ गं, उगवतीच्या दारी,
दवावरती उमटली चांदण्याची वारी.
दुसरी माझी रेघ गं, नदीच्या अंगाला,
जिंको कुणी, हरो कुणी, सुख पडो पायाला.

एकतीस वर्षे आम्ही असे चाललो. लोक म्हणायचे, व्हर्लिनच्या रेघेवर पट्टी ठेवून बघा. शनिवारी रेघा तुडवल्या जायच्या, रविवारी पाऊस त्या धुऊन न्यायचा, शुक्रवारी आम्ही पुन्हा आखायचो. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. पुसल्या गेल्या म्हणजे कुणीतरी खेळले.

मग एका शरद ऋतूत रेघा वाकू लागल्या.

आधी थोड्या. मुलींच्या सॉकर संघाला त्या प्रथम दिसल्या. कुणीतरी म्हणाली, आज रेघ झोपेत चालली होती वाटतं. व्हर्लिन म्हणाला, जमिनीनं कूस बदलली असेल. सगळ्या हसल्या, तोही हसला. पण दांड्यावरचे त्याचे हात मला कळत होते. पूर्वी ते मला ढकलायचे. आता ते मला धरून असायचे.

टाकी त्याला दिसेनाशी झाली होती, मित्रांनो. हे फक्त मला ठाऊक होते. तो मान वर करायचा, बराच वेळ बघायचा, आणि मग सवयीने चालू लागायचा.

त्याच वर्षी मुलींचा संघ असा खेळला, जसा सोळा वर्षांत खेळला नव्हता. विभागाच्या बाद फेरीतला सामना पहिल्यांदाच आमच्या मैदानावर होणार होता. मक्याची कापणी उरकलेली, त्यामुळे घरचे सगळे येणार होते. ज्या आयाबापांनी कापणीच्या दिवसांत कधी मुलीचा एक सामना पाहिला नव्हता, तेही.

सोमवारी क्रीडाप्रमुख ऑस्टरबर्ग मैदानावर आले. भले गृहस्थ. मोठ्याने बोलणे त्यांना जमत नसे. ते गोलासमोरच्या चौकटीची रेघ पायाने चाचपत चालले आणि शेवटी थांबले.

"व्हर्लिन, शुक्रवारी दहाला निरीक्षक बाई येणार. हे असं दिसलं तर सामना नदीपलीकडं जाईल, समोरच्या संघाच्या मैदानावर. बाहेरून माणूस बोलावू का?"

व्हर्लिन माझ्या दांड्याला टेकून उभा होता. "शुक्रवारी नऊला ये," तो म्हणाला. "वाकडं दिसलं तर मीच त्याला फोन करीन, आणि मैदानाच्या किल्ल्याही देईन."

गुरुवारी रात्रभर पाऊस पडला आणि आदल्या सगळ्या रेघा घेऊन गेला. शुक्रवारी उजाडताच व्हर्लिनने मला बाहेर काढले. कोपऱ्यांच्या खुंट्या त्याने गुडघ्यांवर बसून, हाताने चाचपून शोधल्या. मग मला पहिल्या खुंटीवर आणून मान वर केली. आम्ही निघालोच नाही.

एवढ्यात कुंपणाकडून पावले आली. ती मारेन होती, मुलींची गोलरक्षक. दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. गोठ्याच्या सवयीने तिला उशिरापर्यंत झोप येतच नसे, म्हणून रोज सगळ्यांआधी ती मैदानात असायची. ती दहा पावलांवर येऊन थांबली.

"लवकर आलीस गं, सात नंबर," व्हर्लिन म्हणाला.

मारेनने स्वतःच्या छातीकडे पाहिले. तिच्या शर्टावर हातभर मोठा एकचा आकडा होता. ती जवळ आली, त्याच्या डोळ्यांकडे पाहिले, मग टाकीच्या दिशेने पाहिले.

"मिस्टर हाउगेन, मी ढकलू का?"

"नको."

"मग दांड्याला हात लावते नुसता. तुमच्या बाजूनं."

"पोरी, हा दांडा एकतीस वर्षं मी धरलाय. आज कुणी मला धरून चालवलं, तर ती रेघ माझी नव्हे."

मारेन जरा वेळ बुटाने गवत उकरत राहिली. मग तिने विचारले, "ऐकू कसं येतं तुम्हाला?"

"माझ्या बायकोला विचार. म्हणते, नको ते सगळं येतं."

ती पळत सुटली. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, खुंटीच्या मागे जाऊन उभी राहिली. गोलरक्षकाचे अर्धे काम हातांचे आणि अर्धे घशाचे. तिचा घसा तर नदीपलीकडे पोचायचा.

"मिस्टर हाउगेन! इकडे!"

"एवढं लांब नाव घेईस्तोवर मी नदीत जाईन," व्हर्लिन ओरडला. "सारखं काहीतरी म्हणत राहा!"

मग तिकडून लांबवलेली, गोल, गोड हाक आली, "कं बॉस... कं बॉस..." आमच्या भागात संध्याकाळी कुरणातल्या गायींना घरी बोलावतात ती हाक.

व्हर्लिन थांबला. "मला गाय समजलीस होय?"

"आमच्या गायी तरी सरळ येतात!"

मित्रांनो, व्हर्लिनचे खांदे हलताना मी पाहिले. तो हसत होता. मग त्याने हनुवटी वर केली, अगदी टाकीकडे बघायचा तशीच, आणि आम्ही निघालो. कं बॉस, कं बॉस. माझे चाक कुरकुरत होते आणि हाक जवळ येत होती. आम्ही मारेनच्या बुटांपाशी थांबलो तेव्हा ती मागे बघत होती. तिने सांगितले नाही रेघ कशी आली ते. पुढच्या खुंटीकडे धावत गेली, एवढेच.

अर्ध्या तासात संघातल्या आणखी मुली आल्या. मारेनने त्यांना काय सांगितले कोण जाणे, पण कुणी काही विचारले नाही. एकेक जण एकेका खुंटीमागे उभी राहिली. शहरात वाढलेल्या जोआनला गायींची हाक येत नव्हती. तिची हाक ऐकून व्हर्लिन म्हणाला, ही हाक ऐकून गायी दुसऱ्या गावाला जातील. मधले वर्तुळ आम्ही खुंटी आणि दोर घेऊन फिरून काढले. शेवटी उगवतीकडची लांब रेघ राहिली. ती जवळजवळ संपत आली असताना मारेन आणि जोआन दोघींनी एकदमच हाक मारली. व्हर्लिन एक पाऊल दोघींच्या मध्ये चालला, मग सावरला.

नऊला ऑस्टरबर्ग आले, गोलासमोरची चौकट पायाने चाचपली आणि फोनचे नाव काढले नाही. दहा वाजता निरीक्षक बाई आल्या. फीत लावून त्यांनी मोजले, वहीत लिहिले, चालत राहिल्या. ऑस्टरबर्ग मागे मागे. मुली गोलाजवळ घोळका करून उभ्या, जाळी धरून. बाई उगवतीच्या रेघेवर आल्या आणि शेवटच्या खुंटीअलीकडे थबकल्या. तिथे रेघ वीतभर बाहेर झुकून परत आली होती.

कुणी काही विचारण्याआधी व्हर्लिन पुढे झाला. टोपी काढून त्याने हातात घेतली.

"तिथं मी चुकलोय. मला दिसत नाही आता. उन्हाळ्यापासून. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

"चूक आमची आहे," मारेन म्हणाली. "आम्ही दोघींनी एकदम हाक मारली."

बाईंना काही कळेना. मग ऑस्टरबर्गनी, आपल्या त्या हळू आवाजात, मुलींकडून एकेक गोष्ट काढून घेतली आणि बाईंना सांगितली. बाईंनी वाकून ती वीतभर वाक मोजली. बराच वेळ लावला त्यांनी. मग वही मिटली. "रेघ स्पष्ट आहे, मापात आहे," त्या म्हणाल्या. "उद्या एक वाजता सामना इथंच."

ऑस्टरबर्ग व्हर्लिनजवळ गेले. व्हर्लिनने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "सामना झाल्यावर लागतील," तो म्हणाला. "उद्यापर्यंत माझ्याकडं असू दे म्हटलं असतं, पण मग मी देणार नाही."

दुसऱ्या दिवशी गावोगावची माणसे गोधड्या पांघरून लाकडी बाकांवर बसली. मारेनचे वडील गोठ्यातल्याच बुटांनी आले. मुली एका गोलाने हरल्या. पण आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर हरल्या, आणि शिटी झाल्यावरही कितीतरी वेळ कुणी उठले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मैदानावर कृत्रिम गवत आले. त्याच्या रेघा कारखान्यातच विणलेल्या असतात. त्या पुसत नाहीत, वाकत नाहीत. मी छपरीत गेलो, शर्यतीच्या मोडक्या अडथळ्यांच्या शेजारी. व्हर्लिन आता नाही. दर वसंतात एक मांजर माझ्या पोटाखाली पिल्ले घालते, तेवढीच सोबत.

पण ऑगस्टच्या पहिल्या दिवशी छपरीचे दार उघडते. मारेन आता त्या संघाची प्रशिक्षक आहे. ती मला नदीकाठच्या कुरणात नेते. संघातल्या सगळ्यांत नव्या मुलीचे डोळे फडक्याने बांधतात आणि माझा दांडा तिच्या हातात देतात. बाकीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहतात. कुणीही तिला धरत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये माझे डावे चाक गंजून अडले आणि मला अर्ध्यातून उचलून आणावे लागले. ती नवी मुलगी फडके सोडून माझ्याकडे बघत राहिली होती.

म्हणून मागणे एवढेच आहे, मित्रांनो. तुमच्याही शाळेच्या अडगळीत माझ्यासारखे कुणी पडले असेल, तर वर्षातून एकदा त्याच्या चाकाला दोन थेंब तेल द्या. आणि तुमच्या जवळच्या कुणाला पलीकडचे दिसेनासे झाले, तर घाईने त्याचा हात धरू नका. आधी पळत पलीकडे जा, आणि तिथून हाक मारा. एका वेळी एकानेच मारा. मग त्याला आपल्या पायांनी येऊ द्या, थोडे वाकडे का होईना.